फरशीखाली काय होतं

गॅसवर दूध तापत होतं आणि वरून त्यात एक पिवळा थेंब पडला. मान वर करून पाहिलं, तर छतावर बशीएवढा तपकिरी डाग, आणि त्याच्या मध्यावर दुसरा थेंब जमत होता. दूध ओतून दिलं, पातेलं तीनदा घासलं, तरी त्यात पुन्हा काही तापवायला मन धजेना.

मी चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात ट्रकच्या केबिनवर पाण्याचा मारा करून गळती तपासते. एक थेंब आत आला तरी केबिन परत पाठवते. घर घेताना मात्र नवऱ्याने आणि मी नळ सोडून पाहिले, कपाटं उघडून पाहिली आणि गच्चीवर नुसतं डोकावून खाली आलो. ऊन फार होतं.

वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्याने गच्चीच्या फरशीवर रबरासारखा पांढरा थर फासला आणि आता निश्चिंत राहा म्हणाला. इथल्या दिवाळीच्या पावसात डाग ताटाएवढा झाला. त्याने दुसरा थर दिला, मग तिसरा. भिंतीवर काळी बुरशी चढली, डब्यातल्या रव्यालाही कुबट वास लागला. केमिकल मुरायला वेळ लागतो, असं तो दर वेळी तितक्याच गोड आवाजात सांगायचा.

शेजारी तंजावरकडच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळमध्ये शिरणारी. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी उभं कोठे राहते, ते पाहिलंत काय?"

पाहिलं नव्हतं. पाऊस उघडल्यावर वर गेले. सगळं पाणी टाकीजवळच्या कोपऱ्यात तुंबलेलं आणि ते खाली नेणारा पाईप समोरच्या टोकाला, चांगला चार बोटं उंच. त्याच्या तोंडात मेलेलं कबुतर सडत होतं.

बाईंच्या ओळखीचा एक म्हातारा मेस्त्री आला. त्याने फरशा उखडल्या. खाली विटांचे तुकडे सिमेंटमध्ये ठोकून केलेला उतार असायला हवा होता. निघाला तो घर बांधणाऱ्यांनी गाडलेला कचरा: काळा चिखल, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, कुणाच्या तरी जेवणाच्या पिशव्या आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. हे सगळं माझ्या शेगडीच्या बरोब्बर वर. कठड्याला धरून मी ओकले.

मेस्त्री म्हणाला, थर हे शेवटचं काम. आधी उतार, मग कोपरे. आत शिरलेल्या पाण्याला वरून बंद केलं, की ते खालीच उतरणार.

वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून ते दाखवलं. बुटाच्या टोकाने त्याने एक पुडी उलटी केली आणि तमिळमध्ये शांतपणे म्हणाला, "मॅडम, फरशीखाली कोण बघतं?"

त्याची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझी आली. मी तरी कुठे बघितलं होतं?

मेस्त्रीने स्लॅब खरवडला, गंजलेल्या सळ्या साफ करून झाकल्या, पाईपकडे उतार काढला, कठड्याखालचा कोपरा गोल केला. पाईप खाली घेतला. फरशी बसवण्याआधी बांध घालून गच्चीत पाणी भरून ठेवलं. तीन दिवस मी स्वयंपाकघरात वर बघत वावरले. छत कोरडं राहिलं.

काम संपल्यावर वॉटरप्रूफिंगवाला आपली राहिलेली शिडी न्यायला आला. वर बराच वेळ रेंगाळला. आठवड्याने बाईंनी त्यांच्या फोनवर त्याची जाहिरात दाखवली. त्यात त्याचं काम म्हणून आमची नवी गच्ची होती, कठड्यावर वाळणाऱ्या माझ्या साडीसकट.

मी फोन केला. तो म्हणाला, "गच्ची छान दिसते. तुमचं काय गेलं?"

फोटो त्याने जाहिरातीतून हटवला नाही. साडी तेवढी त्यातून कापून टाकली. पुढच्या गल्लीतल्या दोन घरांनी त्याला बोलावल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन मी उखडलेल्या गच्चीचे फोटो दाखवले. एका घराने काम थांबवलं. दुसऱ्यांना पावसाआधी उरकायचं होतं. त्यांनी त्यालाच दिलं.