पिंपवाल्यांची मागची खोली

गल्लीत त्यांना सगळे पिंपवाले म्हणत. यात गल्लीचा काही दोष नव्हता. कमरेएवढं उंच, मधे पोट सुटलेलं, फळ्या जोडून केलेलं लाकडी काहीतरी एक माणूस खांद्यावर टाकून घरी आणतो आणि वर्षानुवर्षं आणतच राहतो, तर लोकांनी दुसरं काय म्हणावं? एकदा नळाला पाणी आलं नाही तेव्हा शेजारणीने त्यातलं एक उसनं मागितलं. हा कोंगा आहे, दोन्ही हातांनी वाजवायचं वाद्य आहे, असं त्यांनी तिला सविस्तर समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि झाकण असलेलं असेल तर बरं, म्हणाली.

पलंगांच्या कारखान्यात उभा जन्म सुतारकाम करून ते निवृत्त झाले होते. हाताने घडवलेल्या जुन्या कोंग्यांचा नाद मात्र नोकरीत असतानाच लागला. बंद पडलेल्या हॉटेलांच्या माळ्यांवर, वादकांच्या जिन्यांखाली हे कोंगे धूळ खात पडलेले असत. कुणी त्यांत छत्र्या ठेवी, कुणी वर कुंडी. पिंपवाले ते उचलून आणत आणि मागच्या खोलीत त्यांच्या सेवेला लागत. ही खोली आधी मुलाची होती. तो नोकरीसाठी दूर गेला आणि त्याच्या पलंगाच्या जागी पहिला कोंगा उभा राहिला. पुढच्या खोलीत बायको लोकांचे पडदे शिवायची. कापड बेतायला तिला लांबलचक टेबल हवं होतं आणि ते मावेल अशी जागा घरात तेवढीच होती. माझ्या सवतींनी जागा दिली तर गुडघे टेकून फरशीवर कापावं लागणार नाही, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

जुनी फळी टाकायची नाही, ही पिंपवाल्यांची शिस्त. फट पडली असेल तर त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून ती भरायची. मग भिजवलेलं कातडं तोंडावर चढवायचं, ते वाळलं की मोटारीच्या चाकाचे आवळतात तसे समोरासमोरचे नट अर्धा-अर्धा फेरा आवळायचे आणि दर खेपेला बोटाने टिचकी मारून ऐकायचं. सूर दाखवणारी सोय हल्ली फोनवर असते, असं मुलाने सुचवलं तेव्हा, मला कान आहेत, एवढंच ते म्हणाले. कोंगा सुरात आला की मधली भिंत घुमायची आणि बायकोचं डोकं दुखायला लागायचं. गंमत म्हणजे बेसूर असेपर्यंत तिला काही होत नसे. सुरात आला रे आला, की कपाळ धरायची.

एका म्हाताऱ्या वादकाने आपले दोन कोंगे त्यांच्याकडे दिले होते. एक थोरला, खर्जातला. दुसरा धाकटा, त्याहून चढा. न्यायला आला तेव्हा त्याने दोन्हींवर आळीपाळीने हात टाकला. मग, दोन्ही एकाच आवाजात बोलतायत मिस्त्री, असं जपून म्हणाला. पिंपवाल्यांना ते झोंबलं. वय झालं की कान असे फसवतात, असं त्यांनी त्यालाच ऐकवलं. म्हातारा भला माणूस. चहा पिऊन, पुन्हा येतो म्हणून निघून गेला.

त्याची पाठ वळताच पिंपवाल्यांनी पाना घेतला आणि धाकट्याचे नट आवळायला सुरुवात केली. टिचकी मारली, पुन्हा आवळले. सूर जागचा हलेना, म्हणून आणखी जोर लावला. पलीकडे शिलाईचं मशीन थांबलं आणि बायको दारात येऊन उभी राहिली.

"काहीतरी तडकलं."

"कुठं काय? काही नाही."

तिने वाकून दोन फळ्यांच्या सांध्यात नख घातलं. ते आत गेलं. भिंतीपलीकडे, मशीन चालू असतानाही तिला ऐकू आलेला आवाज त्यांच्या हातातल्या कोंग्याचा होता आणि तो त्यांना ऐकू आला नव्हता. दाराची बेल वाजली तरी हे उठत नाहीत, हे ती कधीपासून बघत होती. आळस, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या कोंग्यांवर चादरी टाकल्या. म्हाताऱ्याचं काम पुरं करून हे सगळं विकतो, टेबल आण, असं तिला सांगितलं. तिने टेप घेऊन खोली मापली. टेबल व्यवस्थित बसत होतं. त्यांना फार वाईट वाटलं, पण तिच्यावर रागावण्याजोगं त्यात काही नव्हतं.

फट भरून सुकायला बरेच दिवस गेले. मग कातडं पुन्हा चढवलं आणि ते वाळल्यावर एका दुपारी त्यांनी पाना घेतला. आता कान सोडून हाताच्या अंदाजावर जायचं, असं ठरवून अर्धा फेरा दिला आणि सवयीने टिचकी मारली. पलीकडचं मशीन थांबलं.

"सूर खाली आहे अजून," ती पलीकडून मोठ्याने म्हणाली.

ते जागीच थबकले. मग एकेक नट आवळून पुन्हा टिचकी मारली.

"अजून."

पुढच्या खेपेला, खिडकीकडची बाजू ढिली आहे, असं तिने सांगितलं. ती खरंच ढिली होती. पान्याला कळत होतं. त्यांनी ती आवळली. कोंग्यावर पूर्ण पंजा टाकला आणि थांबले. पलीकडून काहीच आवाज येईना. ते भिंतीजवळ गेले.

"अगं, काय झालं?"

"बस करा आता," बायको म्हणाली. "डोकं दुखायला लागलं."