पाच बोटांचा गूळ

माझ्या मुलांना पैशाचा व्यवहार शिकवायला मला एका शिवणाच्या मशिनीएवढा खर्च आला.

मशिनीसाठी मी फडताळातल्या डब्यात दोन वर्षं पैसे साठवत होते. नवे पैसे यायच्या आधीचे दिवस ते. रुपयाचे आणे सोळा, पण त्यातले बारा घरी पोचायच्या आतच संपायचे. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवायचे, त्यामुळे मंडईत त्यांना कोणीही फसवायचं. मुलं तरी बापाच्या वळणावर जाऊ नयेत, म्हणून मी कंबर कसली. कुमुद नऊ वर्षांची, बापू सहाचा.

आधी दोघांना दोन आण्यांची एकेक चवली दिली आणि सांगितलं, "जपून ठेवायची." बापूने ती सर्वात सुरक्षित जागी, म्हणजे तोंडात ठेवली आणि गिळली. (बचतच ती. फक्त काढून घ्यायला एरंडेल लागलं!)

ही वार्ता माझ्या थोरल्या भावाला कळली. दादाची शाहूपुरीत गुळाची अडत. बाजारात बसून बसून तो बाजारासारखाच बोलायचा.

"विमे, चवल्या वाटून व्यवहार आला असता, तर सगळं कोल्हापूर सावकार झालं असतं की! मी शिकवतो पोरास्नी."

तेव्हा गुळाचा सौदा रुमालाखाली चाले. अडत्या हातावर रुमाल पांघरून उभा राहायचा. व्यापारी पाळीपाळीने रुमालात हात घालून त्याची बोटं धरायचे. जितकी बोटं धरली, तितके रुपये चालू भावाच्या वर. तोंडाने अक्षर बोलायचं नाही, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. आणि अडत्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही; नजर आढ्याला!

पाढे पाठ करताना पेंगणाऱ्या माझ्या मुलांनी ही विद्या एका रविवारात उचलली. लाडू, गोट्या, झोपाळ्यावरची पहिली पाळी, सगळ्याचे सौदे टॉवेलाखाली व्हायला लागले.

"अगं, टॉवेल कुठाय?" हे न्हाणीघरातून ओरडायचे.

"थांबा हो बाबा, सौदा चाललाय!"

हे निथळत उभे. मी खूश. मुलं घासाघीस करायला लागली होती!

पुढच्या आठवड्यात कुमुदने भाजीवालीचा हात तिच्याच पदराखाली धरला.

"अगं बया! ही पोरगी माझी बोटं का मोडाय लागलीया?"

"मावशी, हळू! शेजारणीला भाव कळेल ना!"

भाजीवाली इतकी गांगरली की तिने कोथिंबिरीची जुडी फुकटच दिली. मी मनात म्हटलं, आता या मुलीला खरा सौदा दाखवायचाच.

"बाजारात मुलांना कशाला नेतेस?" हे म्हणाले.

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." (पाण्यात मुलं पडणार आहेत अशी माझी समजूत होती.)

दादाच्या पेढीत मुरगूडच्या एका शेतकऱ्याचे दहा रवे मांडले होते. रवा म्हणजे बादलीएवढी गुळाची ढेप. दादा रुमाल टाकून, आढ्यातली कोळिष्टकं मोजत उभा. भोवती धोतरांचा गराडा. मी बापूला समजावून सांगत होते, "बघ हं, शहाणा माणूस कधी घाई करत नाही," आणि वळून बघते तो कुमुद शेजारी नाही. गराड्यात दोन लाल रिबिनी दिसल्या. कार्टीचा हात रुमालाखाली!

पोरगी गूळ घेणार! माझ्या डोळ्यांपुढे मशिनीचा डबा नाचला. मी दोन व्यापाऱ्यांना कोपराने बाजूला सारलं, सरळ रुमालात हात घातला आणि जो हात लागला तो पाची बोटांनिशी गच्च आवळून ओढला. माझ्या बांगड्या वाजल्या, पण दादाची नजर आढ्यावरून ढळेल तर शपथ!

"पाच!" दादा गरजला. "दिला माल!"

"आई," शेजारून कुमुदचा आवाज आला, "मी मघाच हात काढला. मी एकच बोट धरलं होतं."

दादाने मान खाली केली. रुमालातून बाहेर आलेल्या त्याच्या हाताला सख्खी बहीण लोंबकळत होती.

"पाच?" शेतकरी हरखलाच. "सकाळधरनं दोनाच्या वर कोण जाईना झालतं! ताईसाब, लक्ष्मी हाय तुम्ही, लक्ष्मी!" असं म्हणून तो भर बाजारात माझ्या पाया पडला.

"दादा, अरे चुकून झालं!"

"रुमालातला हात चुकत नसतोय, विमे. आज तुझा माघारी दिला, तर उद्या माझ्या रुमालात कुत्रंबी हात घालणार न्हाय."

"मामा, कुत्र्याला हात कुठे असतो?" बापूने विचारलं. त्याला मी एक धपाटा दिला. कोणाला तरी देणं भागच होतं.

"अरे, मी तुझी बहीण आहे!"

"म्हणून तर रोख मागंना झालोय. सांजच्याला दिलंस तरी चालंल."

संध्याकाळी डबा रिकामा झाला आणि हातगाडी दारात आली. यांनी कागदावर त्रैराशिक मांडून सांगितलं की हा गूळ आपल्याला बापूच्या लग्नापर्यंत पुरेल. (यांचं गणित त्या एकाच दिवशी कामाला आलं, तेही जखमेवर मीठ चोळायला!) मग आमटीत गूळ, चहात गूळ, पोळीला गूळ. मुंग्या तर असा संसार थाटून राहिल्या की आम्हीच त्यांचे भाडेकरू वाटावं.

शेवटी कुमुद पायरीवर तागडी घेऊन बसली आणि गल्लीला अच्छेर-शेराने गूळ विकायला लागली. मी मदतीला गेले, तर म्हणते, "आई, तू आत जा. तू दिसलीस की गिऱ्हाईक भाव पाडतं."

मुद्दल बरंचसं वसूल झालं. उरलेली तूट भरून काढायला वर्ष गेलं. ते वर्षभर मी सगळ्यांचे कपडे हातानेच शिवले, आणि प्रत्येक टाक्याला दादाची आठवण काढली.

पुढच्या हंगामात डबा पुन्हा भरला. उद्या दुकानात जाऊन मशीन आणायची असं ठरलं, आणि दारात बैलगाडी थांबली. गाडीवर मुरगूडचा तोच शेतकरी, मागे रव्यांची रास!

"ताईसाब, औंदा बाजारात नेलाच न्हाय बघा. म्हटलं, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असताना मधी अडत्या कशाला?"

आणि त्याने खांद्यावरचा पंचा हातावर पांघरून हात माझ्यापुढे केला.

दारी आलेल्या माणसाने हात पुढे केला की आपण नाही म्हणू नये, असं माझं वळण. माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. तो मी डाव्या हाताने धरला, तशीच आत पळाले आणि कुमुदला बाहेर ढकललं.

"जा, त्याला सांग, घरात मोठं माणूस कोणी नाही!"

तिने तसं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. घरात एकच मोठं माणूस होतं, आणि ते मी नुकतंच बाहेर पाठवलं होतं.