यंत्राच्या तोंडाला लागलेली पूड

चिकट तांदूळ निम्मेच निथळले होते, टोपली चुलीवर चढायची होती, तेवढ्यात शेजारच्या साइफोनने कुंपणापलीकडून हाक मारली.

“पा लमाय, हात पुसून येता का जरा? तुमची नजर हवीये.”

मला ती ‘पा’ म्हणते, म्हणजे मावशी. साइफोन इंटरनेटसाठी फायबरच्या तारा जोडते. केसासारख्या काचेच्या धाग्यातून प्रकाश धावतो, आणि जोडावर तो किती गळतो हे यंत्राने मोजावं लागतं. रेशीम विणणाऱ्या आईची ही लेक. सुरुवातीला तार हातात घेऊन हसायची, “रेशीम कसंही वळतं हो, काच मात्र रुसते.” अजूनही तारेची वेटोळी ती परातीएवढी मोठी घालते आणि कुणाला त्यावर पाय ठेवू देत नाही.

आज गंमत नव्हती. नदीपलीकडच्या दवाखान्याची तार तिने जोडली होती; त्या तारेचं अलीकडचं टोक तिच्याच अंगणात येत होतं. दुपारी कंपनीचा माणूस आकडे बघायला येणार. ते पटले नाहीत तर जोड उखडायचे आणि पुढच्या गावांचं काम दुसऱ्याला द्यायचं, असं त्याने आधीच सांगून ठेवलेलं.

“आकडा वाईट आलाय का?” मी विचारलं.

“वाईट असता तर बरं! तार काढून परत लावली की नवाच आकडा. खरा कोणता मानू?”

झोपाळ्यात पान चघळत तिची सासू याय खामपोंग, सगळ्यांची आजीच ती, म्हणाली, “सकाळपासून पोटात काही नाही हिच्या. हात थरथरतोय, दुसरं काय!”

साइफोनने यंत्रातला प्रकाश बंद केला, तारेचं टोक छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मला बघायला लावलं. काळ्या चकतीवर पांढरे कण, भाताच्या शितांसारखे. तिने टोक पुसलं, पुन्हा दाखवलं. लख्ख. मग ते यंत्राला लावलं, काढलं, बघितलं. पुन्हा शितं!

“पुसलेलं मळतंय कुठून?” मी म्हटलं.

तिने हातातली तार खाली ठेवली. “पा, मी मघापासून तारच पुसतेय. यंत्राचं तोंड बघितलंच नाही.”

तिने सूक्ष्मदर्शकाची नळी तिथे लावली. आत पांढरा थर वाळला होता. मला तो लगेच ओळखू आला. गेल्या उपोसथाला, विहारात जायच्या व्रताच्या दिवशी, आम्ही हे नवं यंत्र विहारात नेलं होतं. लुआंगपोंनी, म्हणजे तिथल्या वृद्ध भिक्खूंनी, मंत्र म्हणत झाकणावर पांढरी पूड कालवून केलेल्या गंधाचे ठिपके दिले, वर सोन्याचा वर्ख लावला.

“पण ठिपके तर झाकणावर दिले होते,” मी म्हणाले.

झोपाळा थांबला.

“उरलेली पूड माझ्या बोटाला होती,” याय म्हणाली. “झाकणावर लावून काय व्हायचंय? काम करतं ते तोंड. टोपण काढून तिथेही लावली थोडी.”

“आई! हे काय नातू आहे का, तोंडात भरवायला?”

“नातवाला भरवलं तेव्हा तो नाही बिघडला असा!”

साइफोनला हसू आलं, पण टिकलं नाही. इतक्यांदा तार दाबून लावल्यामुळे ते कण आतल्या काचेवर घासले गेले असतील, तर यंत्र बँकॉकला धाडावं लागणार आणि आजचा दिवस गेलाच. तिने बारीक काडी स्पिरिटमध्ये बुडवली, आत घालून एकाच दिशेने फिरवली, टाकून दिली. मग कोरडी काडी. मी मनात बुद्धाचं नाव घेत होते. यायचं पान चघळणंही थांबलं होतं.

“ओरखडा आहे,” साइफोन म्हणाली.

तिने नळी जराशी फिरवून पुन्हा बघितलं.

“कडेला आहे. प्रकाश मधल्या भागातून जातो.”

तिने तार लावली, आकडा घेतला. काढून, बघून, परत लावली. तोच आकडा. तिसऱ्यांदाही तोच. माझा सुटकेचा श्वास तिला ऐकू गेला असावा.

“लुआंगपोंचा आशीर्वाद होता म्हणूनच ओरखडा कडेला पडला,” याय ठासून म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. साइफोनने वाद घातला नाही. फक्त यंत्राच्या तोंडावर टोपण बसवलं आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

“झालं ना आता? जेव मग.”

“अर्धंच झालं, आई. एकीकडून बरा दिसणारा जोड दुसरीकडून वेगळा निघू शकतो. तो माणूस दोन्ही आकडे मागणार.”

तिने भाताचा गोळा हातातच घेतला, यंत्र खांद्याला लावलं आणि पलीकडच्या दवाखान्यातून तीच तार मोजायला होडीच्या धक्क्याकडे निघाली.