बाबांनी विकलेली गाडी

मी जपानला निघाले तेव्हा बाबांनी शोरूममधून डेमोची गाडी मागून आणली होती. घरची जुनी गाडीही त्याच कंपनीची होती, पण मुलगी पहिल्यांदा परदेशी चालली आहे म्हणून त्यांना नवं मॉडेल हवं होतं. चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी बरीच मंडळी जमली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या सबनीसकाकूंनी माझ्या हातावर दही घातलं. सबनीसकाकांनी माझी मोठी बॅग डिकीत ठेवली आणि म्हणाले, "मध्या, काय जागा आहे रे! ही मी घेतोच."

"आधी रिटायर तर हो," बाबा हसून म्हणाले. "तोवर तुझ्यासाठी रंग राखून ठेवतो."

एक्स्प्रेसवेवर बाबा गाडीबद्दलच बोलत राहिले. निरोपाचं बोलणं त्यांना जमत नसे. त्या अमेरिकन कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात ते आता कोणी घेत नाही. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईत तिच्या गाड्या जोडल्या जायच्या, मग ती निघून गेली आणि नव्वदीनंतर परत आली. हे बाबा अशा थाटात सांगायचे की जणू घरातलाच कोणी रुसून गेलेला माणूस परतला आहे. "आता कायमची आलीय. एवढा मोठा कारखाना कोणी उगाच बांधत नाही." विमानतळावर ट्रॉली माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "तिकडे आपल्या गाड्या दिसल्या तर फोटो पाठव."

आपल्या गाड्या! बाबा कंपनीचे नोकरसुद्धा नव्हते. ते डीलरकडे सेल्समध्ये होते.

माझा नवरा निखिल तेव्हा टोकियोत आयटी कॉन्ट्रॅक्टवर होता. आम्ही आधी ओजिमाच्या सरकारी घरांत राहिलो आणि अन्वी झाल्यावर इचिकावात आलो. मी बाबांसाठी फोटो काढत राहिले. त्या गाड्या फार दिसायच्या नाहीत. युद्धाच्या आधी जपानातही ही कंपनी गाड्या जोडायची, हे मला बाबांनीच फोनवर सांगितलं होतं. आता मात्र तिच्या गाडीकडे इथे कोणी वळूनही पाहत नसे. एकदा एदोगावाच्या पुलावर एक छोटी एसयूव्ही दिसली. फोटो पाहून बाबांनी ताबडतोब फोन केला. "अगं, ही आपल्याकडे बनते! भारतातून जपानला जाते!" तो फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, शोरूमच्या काचेवर चिकटवला. सबनीसकाका त्याच सुमाराला रिटायर झाले आणि त्यांनी तेच मॉडेल घेतलं, ऑटोमॅटिक. त्यांच्या पाठोपाठ सोसायटीत आणखी काही जणांनी त्या कंपनीच्या गाड्या घेतल्या. बाबांनी कोणाच्या दारात जाऊन आग्रह केला नाही. ते नुसतं "मी आहे ना" म्हणायचे आणि लोक सही करायचे.

पुढे कंपनीने जपान सोडलं. इथे सगळं कसं शिस्तीत झालं. गिऱ्हाइकांना पत्रं गेली, सर्व्हिस दुसऱ्या एका वर्कशॉपकडे सोपवली गेली, वाकून माफी मागितली गेली. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जपानी माणूस जपानी गाडीच घेणार. आपल्याकडे तसं नाही."

आपल्याकडूनही कंपनी निघाल्याची बातमी आली तेव्हा बाबांच्या टेबलासमोर एक जोडपं बसलं होतं आणि टेस्ट ड्राइव्हची किल्ली बाबांच्या हातात होती. शोरूमच्या टीव्हीवर खालून पट्टी सरकली. ती आधी त्या बाईने वाचली. "अहो, हे काय दाखवतायत?" तिने विचारलं. बाबांनी मागे वळून पाहिलं. ते जोडपं कॉफी तशीच टाकून उठून गेलं. पुढच्या काही महिन्यांत शोरूमला टाळं लागलं आणि साठीला आलेल्या सेल्समनला दुसरीकडे कोणी उभं केलं नाही.

खरे हाल व्हायला लागले ते सबनीसकाकांचा गिअरबॉक्स गेल्यावर. सगळी गाडी धडधाकट होती, फक्त गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा मेला होता. कंपनी म्हणाली, पार्ट मिळेल. कंपनीने नेमलेलं सर्व्हिस सेंटर म्हणालं, वाट बघा. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तिच्यावर धुळीचा थर चढत गेला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना काका उठून म्हणाले, "टाकीचं नंतर बघू. वैद्य, तुम्ही मला गाडी विकली नाहीत, मढं विकलंत. ते कधी उचलताय?"

लोक हसले. बाबांना हसण्यापेक्षा 'तुम्ही' जास्त लागलं. तीस वर्षं ते एकमेकांना अरे-तुरे करत होते. त्या दिवसापासून मध्याचे 'वैद्य' झाले.

मग ते मढं सगळ्यांच्या तोंडी बसलं. पार्किंगमध्ये खेळणारी मुलं "मढ्याच्या मागे लपलाय" म्हणून ओरडायची. गाडीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर मीही होते. इचिकावा स्टेशनच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, मी अन्वीसाठी ओनिगिरी, भाताचे त्रिकोणी गोळे, घेत होते आणि फोनवर एकामागून एक हसऱ्या चेहऱ्यांची रांग येत होती. मी लिहिलं, "बाबांनी गाडी बनवली नव्हती, काका." खाली कोणीतरी उत्तर दिलं, "जपानमधून बोलायला काय जातंय?"

बाबांनी ग्रुप सोडला नाही. सोडला तर पळाला म्हणतील, असं त्यांना वाटे. ते रोज सगळं वाचायचे. त्यांनी लिफ्ट मात्र सोडली. चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरायचे, कारण लिफ्टमध्ये कोणी भेटलं की तेवढा वेळ त्याच्यासोबत उभं राहावं लागतं. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं, भिशीतूनही तिला वगळलं. ती माणूस म्हणून वाईट नाही, पण तिनेही बाबांना बोलायचं सोडलं नाही. "नावं तुम्हाला ठेवतात," मी फोनवर असताना ती त्यांना म्हणाली, "पण दारं माझ्या तोंडावर लागतात."

मी पार्ट शोधायला लागले. जे मॉडेल भारतातून इथे आलं होतं त्याचाच डबा चालणार होता. चिबातल्या मोडक्या गाड्यांच्या यार्डांत मी फोन करायचे. माझं जपानी ऑफिसातलं, नम्र आणि लांबलचक. समोरचा माणूस मध्येच "नाही" म्हणून ठेवून द्यायचा. शेवटी गाडी मिळाली ती आमच्या घरामागच्या गल्लीत. दर मंगळवारी मी जाळण्यासाठी वेगळा केलेला कचरा टाकायला जायचे त्या कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणात ती ताडपत्रीखाली उभी होती. एका सकाळी वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि मला पुढचा दिवा दिसला.

घर होरी-सान नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं. मी बेल वाजवली आणि दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी आत बोलावलं नाही.

"कंपनीने मला माफीचं पत्र पाठवलं होतं," ते म्हणाले. "कागद फार सुंदर होता. तुझ्या वडिलांनी माफी मागितली का?"

"ते फक्त विकत होते. गाडी त्यांनी बनवली नव्हती."

"मीही आयुष्यभर विकत होतो. शिलाई मशीन. समोर जो उभा असतो तोच कंपनी असतो. त्याने माफी मागायची असते."

मला राग आला, पण मला पार्ट हवा होता. मी मान खाली घालून उभी राहिले. होरी-साननी मुलाच्या आग्रहावरून वयामुळे लायसन्स पोलिसांना परत केलं होतं आणि गाडी आता नुसती जागा अडवत होती. ते म्हणाले, "शुक्रवारी भंगारवाला येणार आहे. त्याच्या आधी काय हवं ते काढून ने." त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी जपानी पद्धतीने मिठाईचा डबा नेला, तेव्हा तो मात्र दोन्ही हातांनी घेतला. निखिलच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने अंगणातच गिअरबॉक्सचा डबा काढून दिला. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला 'मेड इन इंडिया' लिहिलेलं होतं. होरी-सान खिडकीतून बघत होते, पण बाहेर आले नाहीत.

नरिता विमानतळावर सिक्युरिटीने माझी बॅग उघडून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, गाडीचा भाग. कुठली गाडी? मी नाव सांगितलं. त्या मुलीला ते ओळखीचं वाटलं नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा इतके खूश झाले की आईला वाटलं त्यांना ताप भरलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि शोरूमचा निळा शर्ट घातला, फक्त खिशावरचं कंपनीचं चिन्ह उसवून टाकलेलं. त्यांच्याकडचा जुना मेकॅनिक भोसरीहून आला. त्याने डबा बसवला, लॅपटॉप जोडला. पार्किंगमध्ये हळूहळू माणसं गोळा झाली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, गिअर पडला, गाडी मागे-पुढे झाली. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

सबनीसकाका खाली आले. मेकॅनिकला उठवून स्वतः बसले, गेटपर्यंत एक चक्कर मारून आले. बाबा खिडकीपाशी गेले.

"हायवेपर्यंत जाऊ या का?" बाबा म्हणाले. "गिअर नीट पडतायत का ते वेगात कळतं." मी त्यांच्या आवाजावरून ओळखलं, त्यांना फक्त शेजारच्या सीटवर बसायचं होतं.

"नको," काका म्हणाले. मग बाबांच्या खांद्यावरून मेकॅनिकला विचारलं, "किती दिवस चालेल?"

"चालेल की साहेब. वर्षानुवर्षं चालेल."

"मला आठवडाभर पुरे."

तीन दिवसांनी त्यांनी ती गाडी लातूरच्या कोणा माणसाला विकली. चालू होती म्हणून विकली गेली. त्या रविवारी नवी गाडी आली, जपानी कंपनीची, पांढरी. गेटपाशी नारळ फुटला. मग काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन मजल्यामजल्यावर फिरायला लागले. आम्हाला खालून बेलचे आवाज येत होते. तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजली तेव्हा बाबा सोफ्यावर सरळ बसले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. आई स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आली, काकांसाठी. आमच्या मजल्यावरच्या दोन बेल वाजल्या. हसण्याचा आवाज आला. मग समोरचं दार, काकांचं स्वतःचं, उघडलं आणि बंद झालं.

बाबांनी बराच वेळ बटण काढलं नाही.

संध्याकाळी जिन्यात काका मला भेटले. "मेधा, तू एवढ्या लांबून आणलंस. थँक्स," ते म्हणाले. ते खरंच मनापासून म्हणाले. "पण तुझ्या बाबांनी मला फसवलं. ते काही यानं बदलत नाही."

"त्यांना तरी कुठे माहीत होतं, काका?"

"मग 'मी आहे ना' कशाला म्हणाला?"

मी जिना चढून वर आले.

मी बाबांना इचिकावाला चला म्हटलं. "मी पळून गेलो असं होईल," ते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ते जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर बसले आणि उठले नाहीत. लिफ्ट समोरच होती. मी पोचले तेव्हा त्यांना बर्फावर ठेवलं होतं. स्मशानात जायला गाड्या कमी पडत होत्या. सबनीसकाका पुढे आले. म्हणाले, "बायकांना मी घेतो." आई आणि मी त्यांच्या पांढऱ्या गाडीत मागे बसलो. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, बसताना ते चुरचुरलं. मी दार ओढलं.

"हळू लाव गं," काका म्हणाले. "नवीन आहे."

तुम्ही जे चिंचवडला राहिलात त्यांना हे वाचून वाटेल, मेधा सोसायटीची बदनामी करते. करते. तुम्ही जे माझ्यासारखे ओजिमात, एदोगावात, इचिकावात आलात आणि शनिवारी एकमेकांकडे बटाटेवडे तळत 'आपल्याकडची माणसं, आपल्याकडचा शेजार' असं भरून येऊन बोलता, तुमच्याबरोबर मी वडे खाते आणि गप्प बसते. त्या शेजाराने बाबांचं काय केलं ते मला आठवतं. त्याने माझ्या हातावर दही घातलं, तेही मला आठवतं. दोन्ही त्याच माणसांनी केलं, म्हणून मला ना नीट रडता येत ना नीट रागावता येत.

आई आता दर वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे येते. तिला जपानी येत नाही. अन्वी तिच्याशी अर्धं जपानीत बोलते आणि उत्तराची वाट न बघता खेळायला जाते. आई बाल्कनीत बसून खालचा रस्ता बघते, सायकली, शाळेची मुलं, कचऱ्याच्या निळ्या जाळीवर बसलेले कावळे. मला वाटायचं, तिला इथे करमत नसेल. गेल्या आठवड्यात मी तसं विचारलंही.

"करमतं की," ती म्हणाली. "इथे आपण कोणाला काही विकलेलं नाही."

मी आत गेले आणि कुकर लावला. घर म्हणजे काय, असं अन्वीच्या शाळेत निबंधाला आलं होतं. तिने आमच्या इमारतीचं चित्र काढून खाली मजला आणि खोलीचा नंबर लिहिला. बाईंनी त्यावर शाबासकीचं लाल फूल काढलं. मला आता त्याहून जास्त काही सांगता येणार नाही. जिन्यात समोरून माणूस आला तर मान खाली घालावी लागू नये, एवढं ज्या जागेत मिळतं ते घर. ते आईला इथे मिळालंय.

तिचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो.