वरच्या चार ओळी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मी हवालदार रामदास गभाले, तोफखान्याच्या मेट सेक्शनमध्ये, पोस्टिंग नाशिकजवळच्या फायरिंग रेंजवर. माझं गाव घोटीपासून सहा किलोमीटर. घरापासून तासाभराच्या अंतरावर पोस्टिंग मिळणं म्हणजे फौजेत लॉटरीच म्हणायची. पण तिचा एक जाच होता. सुट्टीला गेलो की घोटीच्या बाजारात कुणीही हात धरून विचारायचं, हवालदार, पाऊस कधी रं? मी सांगायचो, बाबांनो, मी पाऊस सांगत नाही, मी तोफेला वारा सांगतो. कुणाला पटायचं नाही. मेट म्हणजे हवामान, मग पाऊस सांगायला याचं काय जातंय, असं त्यांचं म्हणणं.

तोफेला वारा कशाला लागतो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तोफेचा गोळा सरळ जात नाही. तो आधी चार-साडेचार किलोमीटर वर चढतो, मग खाली येतो. जवळजवळ मिनिटभर तो हवेत असतो. वर जावं तशी हवा गार आणि विरळ होत जाते, वाऱ्याची दिशाही बदलते. खाली तुमच्या धोतराचा सोगासुद्धा हलत नसेल तेव्हा वर वारा घोंगावत असतो. तो गोळ्याला पुढे ढकलतो, मागे ओढतो, बाजूला नेतो. म्हणून आम्ही पहाटे फुगा सोडायचो. फुग्याखाली एक छोटं यंत्र. ते चढता चढता दाब आणि तापमान रेडिओवर कळवतं, आणि ते कुठे वाहत जातंय त्यावरून वारा कळतो. त्याचा आम्ही तक्ता करायचो. उंचीच्या एका टप्प्याला एक ओळ. तो तक्ता कमांड पोस्टला गेला की तिथे हिशेब मांडून तोफांची तोंडं किती वर, किती बाजूला ते ठरायचं. तक्ता काही तासांपुरताच. नंतर शिळा, फेकून द्यायचा.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. शिवाय माझ्याकडे एक वही होती. तीन वर्षांच्या सगळ्या उड्डाणांची मी महिन्यावार सरासरी काढून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, हौस. नवीन पोरं आली की मी वही उघडून शिकवायचो. आज बाहेर काय चाललंय ती हवा. वर्षानुवर्षं काय चालत आलंय ते हवामान. घोटीला पाऊस धो धो आणि सिन्नरला तोच ढग निम्मा रिकामा होऊन पोचतो, कारण मध्ये सह्याद्री त्याला पिळून घेतो, हे हवामान. आणि घोटीला आज कडक ऊन पडलंय, ही हवा. पोरं माना डोलवायची. मलाही बरं वाटायचं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला अजून कळायचं होतं.

त्या दिवशी रेंजवर मोठे साहेब लोक बघायला येणार होते. कार्यक्रम आठ वाजताचा. सहा तोफा, पहिल्याच फैरीला सहाही एकदम, आधी अंदाजाचा गोळा टाकून बघायचा नाही. म्हणजे सगळी भिस्त तक्त्यावर. तोफा पश्चिमेला, टारगेट पूर्वेला. टारगेटच्या अलीकडे नऊशे मीटरवर एक बुटकी टेकडी, तिच्यावर ओपी, म्हणजे गोळे कुठे पडतात ते बघून रेडिओवर सांगणारी टोळी. चार माणसं. त्यांत रेडिओवर होता नायक सोपान दरेकर.

सोपान विंचूरकडचा. आम्ही दोघं एकाच जिल्ह्याचे, त्यामुळे एकमेकांची उणीदुणी काढायचा आमचा जन्मसिद्ध हक्क. मी त्याला म्हणायचो, तुझं गाव कोरडं ठणठणीत, तिथे कांदे पिकतात आणि तू इथे नाकाने सोलतोस. तो म्हणायचा, तुम्ही घोटीवाले चार महिने भिजता आणि आठ महिने वाळत बसता. त्याच्या लग्नात मी नाचलो होतो. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो.

सहा वाजून दहा मिनिटांनी फुगा सोडला. खाली हवा अगदी गप्प. हिवाळ्याच्या पहाटे आमच्याकडे जमीन रात्रभर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. त्या दिवशी पलीकडच्या पाड्यावरचा चुलींचा धूर त्या झाकणाला टेकून आडवा पसरला होता. फुगा धूर ओलांडून वर गेला. दोन किलोमीटरपर्यंत आकडे नीट आले. मग यंत्राचा सिग्नल गेला. बंदच पडलं ते. खालच्या ओळी भरल्या होत्या, वरच्या चार कोऱ्या.

नियम साफ होता. दुसरा फुगा सोडायचा, नाहीतर वर कळवायचं की तक्ता अर्धा आहे. दुसरा फुगा म्हणजे तयारीसकट सव्वा तास, वर हिशेब. साहेब लोकांना थांबवावं लागलं असतं. मी वही उघडली. फेब्रुवारी, वरचा वारा, पश्चिमेचा, तीस नॉट, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर. तीन वर्षांत एकदाही फरक नाही. माझाच जिल्हा, माझंच आभाळ. हातच्या कंकणाला आरसा कशाला? मी वहीतून चार ओळी उतरवल्या.

सुभेदार साहेबांनी विचारलं, फुगा पूर्ण वर गेला ना? मी हो म्हणालो. सात वाजून पाच मिनिटांनी तक्ता गेला.

सात छप्पन्नला मी चहाचा मग घेऊन बाहेर आलो. सहज वर बघितलं. मध्यावर ढगांचा पातळ थर आला होता, कापूस पिंजल्यासारखा. मी मेट कुटीच्या खांबाला डोकं टेकवून एक डोळा मिटला आणि ढगाची कड खांबाच्या टोकाशी लावली. ही आमची जुनी पद्धत, खांब हलत नाही म्हणून ढगाची चाल कळते. ढग पश्चिमेकडे चालले होते. झपाझप. म्हणजे वरचा वारा पूर्वेचा. वहीत होता त्याच्या नेमका उलटा.

माझी पाचावर धारण बसली. कमांड पोस्टने काय हिशेब केला असेल ते मला दिसत होतं. वारा पाठीमागून येऊन गोळ्याला पुढे नेणार असं धरून त्यांनी तेवढा पल्ला कमी लावला असणार. आणि वारा तर समोरून येत होता. गोळे टारगेटवर पोचणारच नव्हते. अलीकडे पडणार होते. अलीकडे सोपानची टेकडी होती.

मग मी जे केलं ते आजही सांगताना लाज वाटते. मी एक मिनिट तसाच उभा राहिलो. सांगितलं तर खोटं उघडं पडणार, पट्ट्या जाणार, साहेब लोकांसमोर शोभा होणार. ढगच चुकून दिसले असतील, असंही मनात आलं. पूर्ण एक मिनिट. मग मी मग टाकला आणि फोनकडे धावलो.

पलीकडे ऑपरेटर म्हणाला, साहेब कामात आहेत. रेंजवर धोका दिसला तर शिपायापासून जनरलपर्यंत कुणीही एक शब्द बोलू शकतो, आणि तो ऐकणाऱ्याने प्रश्न न विचारता पुढे ओरडायचा असतो. मी तो बोललो.

"स्टॉप! मेट रद्द. स्टॉप!"

ऑपरेटर ओरडला ते मला फोनमधून ऐकू आलं. तोफांवर "स्टॉप" पोचलं. पाच तोफा थांबल्या. एका तोफेची दोरी ओढून झाली होती. धडाड्‌ झालं आणि एक गोळा गेला.

गोळ्याला वाटेत पन्नासेक सेकंद लागायची. मी मोजत नव्हतो, मी फोन कानाला धरून उभा होतो. पूर्वेला आवाज झाला. टेकडीच्या मागे धूळ उठली, जिथे उठायला हवी होती त्याच्या खूप अलीकडे. कमांड पोस्टवर रेडिओ चालू होता, तो मला फोनमधून येत होता. कमांड पोस्ट ओपीला हाक मारत होतं. उत्तर नव्हतं. पुन्हा हाक. नुसती खरखर. मी त्या वेळी घोटीच्या देवापासून सप्तशृंगीपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या होत्या.

मग सोपानचा आवाज आला, एकदम शांत.

"ओपी ठीक. चारो ठीक. ये किसका माल था?"

जीव भांड्यात पडणं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच जमिनीवर बसलो. रडलो. कुणी बघतंय का ते बघितलं नाही. एक गोळा त्यांच्यापासून पाचशे मीटरवर पडला होता. एका गोळ्याला ते बंकरमध्ये वाचले. सहा पडले असते तर काय झालं असतं, ते मी त्यानंतर मनात कितीदा मांडून बघितलं, पण कुणापुढे बोललो नाही.

दुसरा फुगा सोडला. तो नीट वर गेला. वर पूर्वेचा वारा, पस्तीस नॉट. साडेनऊला फायरिंग झालं आणि गोळे जिथे पडायचे तिथेच पडले. दुसऱ्या दिवशी निफाडच्या बाजूला गारपीट झाली. त्या ढगांचं तेच सांगणं होतं.

मेजर साहेबांपुढे मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, "हो" म्हणालो तेसुद्धा. त्यांनी वही मागितली, चार पानं उलटली. वही चांगली आहे म्हणाले. शाळेत दे, मुलांच्या कामाची आहे, तोफेच्या नाही. माझं प्रमोशन मागे पडलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. चौघं जण त्या संध्याकाळी लंगरात डाळभात खात होते, मला तेवढं पुरेसं होतं.

सोपान ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "घोटीकर, तुझ्या सरासरीत माझी तिरडी कुठल्या ओळीत बसत होती रे?" त्याने त्याच्या ताटातला कांदा माझ्या ताटात टाकला. विषय संपला. त्याने तो पुन्हा कधी काढला नाही.

नंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. तो उत्तरेला उंचावरच्या ओपीवर गेला. दोन हिवाळ्यांनंतर, जानेवारीत, त्याच्या पोस्टवर हिमकडा कोसळला. नायक सोपान दरेकर आणि त्याच्याबरोबरचे दोघं गेले. मी तेव्हा दुसरीकडे होतो. सुट्टी मिळून विंचूरला पोचलो तोवर तेरावंही होऊन गेलं होतं.

मावशी ओट्यावर बसली होती. मला जवळ बसवलं. बाकी काही विचारलं नाही, एकच विचारलं. तू हवेच्या खात्यातला, तुला ठावं असंल, त्या दिवशी तिथं हवा कशी व्हती?

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. जानेवारीत तिथे बर्फ असतोच, वारा असतोच, पारा उणे वीसच्या खाली असतोच. वहीतलं उत्तर. कुणीही तेच दिलं असतं आणि तिने ते मानलं असतं. मी तोंड मिटलं. म्हणालो, "मला माहीत नाही, मावशी. विचारून सांगतो."

चार महिने लागले. त्याच्या युनिटच्या सुभेदार साहेबांना मी पत्रं लिहिली, फोन केले. शेवटी त्यांनी त्या पोस्टची त्या सकाळची नोंद फोनवर वाचली. मी लिहून घेतली, मग पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघालो.

मावशी मागच्या दारी कांदे निवडत होती. मी समोर बसलो आणि कागद वाचला. सकाळी आठ. आकाश निरभ्र. वारा शांत. तापमान उणे नऊ. समोरची शिखरं स्पष्ट. आदल्या दोन दिवसांचा बर्फ उन्हाने सुटला आणि आठ चाळीसला कडा आला.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मला वाटायचं अंधारात गेला. वादळात. वारा सुटला का मी उठून बसायचे, त्याला थंडी वाजत असंल म्हनून."

"नाही मावशी. ऊन होतं."

"आन् दिसत व्हतं त्याला समदं?"

"लांबपर्यंत."

तिने पदराने तोंड पुसलं. मग घरात सोपानचे वडील झोपले होते, त्यांना तिने तिथूनच हाक मारली.

"आवो, ऐकलं का? ऊन व्हतं तिथं."