अव्वाच्या जागेवर तूर

माझ्या भाच्याचा, महेशचा फोन आला तेव्हा मी नांदेडात भाजी घेत होते. उदगीरला अण्णा वारले होते. कित्येक महिने ते अंथरुणाला खिळलेले, म्हणजे हे कधीतरी ऐकायचंच होतं... तरी हातातली पिशवी मी कुठे ठेवली ते आजही आठवत नाही. माझ्या या थोरल्या भावाचा जन्म धान्याच्या आडतीत गेला, पण मला ते आठवतात ते आमच्या वडिलांच्या जुन्या अॅम्बेसिडरपाशी उभे असलेले.

ती गाडी टिकली ती आमच्या आईमुळे. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तिचे गुडघे वाकत नसत. त्या गाडीच्या मागच्या लांबलचक गादीवरच तिला पाय पसरून बसता येई, दुसऱ्या कुठल्या गाडीत ती मावायचीच नाही. इंजिनानं मान टाकली आणि अव्वाचं बाहेर पडणं संपलं. त्यातच आम्ही नांदेडात घर बांधलं. वास्तुशांतीला अव्वा यावी एवढीच माझी इच्छा होती, आणि तीही रोज फोनवर दारं-खिडक्यांची चौकशी करायची.

अण्णांनी गाडीला दणकट डिझेल इंजिन बसवलं. मला वाटलं, झालं काम. पण एवढी ओढ मागचा जुना अॅक्सल सोसणार नाही, असं फिटरनं सांगितलं आणि अण्णांना ते पटलं. फोनवर मला म्हणाले, "देवणी बैलांची जोडी जुंपायची अन् आख जुनाच ठेवायचा? वाटंत मोडंल की. अव्वा बसणार हाय त्यात."

मग एका जड गाडीचा अॅक्सल आणला. तो लांबीला जास्त भरला, म्हणून कापून बेताचा केला, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवायला नव्या बैठका वेल्ड केल्या. आडत भागीदारावर सोडून अण्णा फिटरच्या दारात ठाण मांडून बसलेले. चाकं चढवली तर एका बाजूचं चाक दोन बोटं बाहेर. कोण बघतंय, असं फिटर म्हणाला. अण्णांनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी धरली, आणि सगळं वेल्डिंग तोडायला लावलं. वास्तुशांत तोंडावर आलेली. मी फोन करकरून त्यांचं डोकं खात होते.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दारात हॉर्न वाजला. मी भाकर-तुकडा घेऊन धावले. मागचं दार उघडलं तर अव्वाच्या जागेवर तुरीची पोती!

"अव्वा कुठंय?"

"घरी हाय. उद्या आणतो." अण्णा गाडीखाली वाकून, अॅक्सल तापलाय का ते हात लावून बघत होते. "तिच्या जागी तूर बसवून बघायलोय. वजन जरा जास्तच घेतलंय, तिला सांगू नको."

पाणी पिऊन ते पोत्यांसकट परत उदगीरच्या वाटेला लागले. मी भाकर-तुकडा हातात घेऊन तशीच उभी. राग यायला हवा होता, पण आला नाही. आईला असं जपणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं... आणि ते आपल्याच घरातलं होतं. दुसऱ्या दिवशी अव्वा आली. नव्या उंबऱ्याला हात टेकून ती म्हणाली, पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही बघ.

अव्वाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गुडघे वाकत नाहीत ते आता माझे. अण्णांचे सगळे विधी उरकल्यावर महेश म्हणाला, मीच तुला नांदेडला सोडतो. अण्णांच्या आजारपणात ती गाडी शेडमध्ये नुसती उभीच होती. ती त्यानं बाहेर काढली, चालू केली. मी काठी टेकत निघाले तर त्यानं मला थांबवलं. आडतीतून पोती आणून मागच्या गादीवर ठेवली आणि एकटाच देवणीच्या रस्त्यानं निघून गेला.

बऱ्याच वेळानं तो परतला. खाली वाकून त्यानं अॅक्सलला हात लावून पाहिला. मग पोती उतरवली, गादी झटकली.

"बस आता, आत्या," तो म्हणाला.

मी पाय लांब करून अव्वाच्या जागेवर बसले, आणि महेशनं दार हळूच लावून घेतलं.