जमतं म्हणजे काय?

लहानपणी तिचं हे नाव दादानेच ठेवलं होतं, चौकशी खिडकी. पाहुणा आला की तो धड टेकायच्या आत ही विचारायची, तुम्ही का आलात, किती वेळ बसणार, आणि तुमच्या नाकावर तो डाग कसला. आईने किती वेळा डोळे वटारले, किती वेळा दंडाला धरून आत नेलं, पण खोड काही गेली नाही. पुढे नाव लांबलचक वाटायला लागलं म्हणून घरच्यांनी नुसतं खिडकी केलं, आणि आता पंचेचाळिशी उलटली तरी ती खिडकीच आहे.

गंमत बघा, जिच्या प्रश्नांना सगळं घर विटलं होतं, तिला प्रश्न विचारण्याचाच पगार मिळायला लागला. हॉस्पिटलच्या हाडांच्या विभागात गुडघे आणि खुबे झिजलेली माणसं यायची. डॉक्टर तपासायचे, एक्स-रेचा फोटो काढायचे, पण त्याआधी प्रत्येकाला हिच्यासमोर बसावं लागायचं. गेल्या आठवड्यात जिना उतरताना किती त्रास झाला? खुर्चीतून उठताना? रात्री कुशीवर वळताना? उत्तरं पाचच: अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, अतिशय. त्या उत्तरांची बेरीज डॉक्टरांच्या टेबलावर जायची आणि फोटोच्या शेजारी ठेवली जायची. डॉक्टर नेहमी म्हणायचे की फोटोला दुखत नाही, दुखतं माणसाला, तेव्हा माणूस काय म्हणतो ते आधी.

कामाला एकच जाचक नियम होता. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा. पदरचा शब्द घालायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही, भुवई वर करायची नाही. खिडकीला हे फार जड गेलं. कारण उत्तर मिळालं की तिचं खरं कुतूहल तिथून सुरू व्हायचं. एक निवृत्त मास्तर होते. पाऊल टाकताना ओठ दाबून धरायचे, आणि वेदनेला दहापैकी किती गुण, या एका वेगळ्या प्रश्नाला चार म्हणायचे. प्रत्येक खेपेला चार. शेवटी जाता जाता त्यांनीच सांगितलं की बाई, उभ्या आयुष्यात मी कुणाला पाचाच्या वर दिले नाहीत. खिडकी तो अख्खा दिवस एकटीच हसत होती, आणि मग तिला वाटलं, अरे बापरे, अजून कितीजण असे आपल्या जुन्या हिशोबाने उत्तरं देत असतील?

आणि एक दिवस तिच्यासमोर दादा येऊन बसला.

दादा रंगारी. उभ्या शहरातल्या निम्म्या भिंती माझ्या हाताखालून गेल्यात, असं सांगत फिरणारा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गेली दोन वर्षं त्याचा उजवा खुबा आखडत चालला होता. चालताना तो एका बाजूला झुकायचा आणि विचारलं की म्हणायचा, बादली उचलून उचलून सवय झालीय. खिडकीनेच मागे लागून लागून त्याला हॉस्पिटलात आणलं होतं. शक्यतो घरच्या माणसाला आपण विचारू नये म्हणून तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे बोट दाखवलं, पण दादा हटून बसला. परक्या बाईला माझ्या पायाचं काय सांगू, म्हणाला.

तिने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली, तुम्हाला गेल्या आठवड्यात...

“केव्हापासून मला अहो-जाहो करायला लागलीस?” दादाने हसून विचारलं. लिहिलंय तसंच वाचावं लागतं, असं तिने सांगितल्यावर तो मुद्दाम साहेबासारखा ताठ बसला.

मग काय, सगळ्याला एकच शब्द. जमतं. जिना? जमतं. बाथरूम? जमतं. काम? जमतं की. मोजे घालायला? जमतं. मग पाचातलं उत्तर कुठलं, असं तिने नियमाप्रमाणे विचारायचं, आणि त्याने मान हलवायची, अजिबात नाही. ती बिचारी मूग गिळून खुणा करत गेली. बेरीज इतकी छान आली की तरण्याताठ्या पोराची वाटावी.

डॉक्टरांनी फोटो बघितला, बेरीज बघितली, पुन्हा फोटो बघितला. सांधा जवळजवळ संपलाय, म्हणाले, पण तुमचं जर सगळं चाललंय तर मी कशाला कापाकापी करू? व्यायाम सांगतो, वजन कमी करा, वर्षाने दाखवा. दादा विजयी मुद्रेने बाहेर आला. खिडकी मात्र पुढचा हिशोब करत बसली. वर्षभरात हा खुबा पार जाम होईल, दादा घरात बसेल, आणि घरात बसलेला दादा तिला डोळ्यांसमोर आणवेना. ऑपरेशनच्या यादीत त्याचं नाव यायचं तर त्याच्याच तोंडून खरं निघायला हवं होतं, आणि ते काढण्याची तिला बंदी.

पण तो खोटंही बोलत नव्हता, हेच तर तिला कळेना. दादाला थाप मारता येत नाही, त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी कान अगदी नेहमीच्या रंगाचे होते. मग हा माणूस मोजे घालतो तरी कसा, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो निघेचना.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती दादाकडे गेली. मुलं आपापल्या संसाराला लागलेली, घरात दोघंच. दादा टेबलाशी चहा घेत पेपर वाचत होता, बाहेर पडायच्या तयारीत, पायात मोजे चढवलेले. वहिनी ओट्याशी काहीतरी पुसत होती. खिडकी नेहमीच्या सवयीने सगळीकडे बघत फिरली. पलंग वरच्या खोलीतून खाली आला होता. दादाच्या खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते. अंगणात कमरेइतक्या उंच लाकडी घोड्यांवर कुणाच्या तरी घराचे दरवाजे आडवे टाकलेले. बिजागऱ्यांतून काढून आणायचे आणि उभ्याउभ्या रंगवायचे, म्हणजे शिडीची भानगडच नको. भिंती आता भागीदार बघतो, दादाने पेपरातूनच सांगितलं. आता तिच्या डोक्यात थोडा थोडा उजेड पडायला लागला. जिना जमतो, कारण तो जिना चढतच नाही. काम जमतं, कारण कामच खाली उतरून त्याच्या कमरेपाशी आलंय.

वहिनीला मात्र वेगळीच उत्सुकता होती. हे त्या दिवशी आल्यापासून नुसते मिरवतायत, पहिला नंबर आल्यासारखे, ती म्हणाली. असं काय विचारतेस गं त्या कागदात? मला विचारून दाखव बघू.

खिडकीला प्रश्न तोंडपाठ. वहिनी पलंगाच्या कडेला बसली, पदराला हात पुसले आणि परीक्षेला बसल्यासारखी तयार झाली. जिन्याला म्हणाली, थोडा. खुर्चीतून उठायला, मध्यम, पण मऊ खुर्ची असेल तर खूप. मन लावून, विचार करून उत्तरं देत होती. आजवर तिला एवढं कुणी विचारलंच नसावं. दादा मध्येच पेपराआडून हसला.

“मोजे घालताना किती त्रास होतो?”

वहिनीने क्षणभर विचार केला.

“माझे, की ह्यांचे?”

तिने हे सरळ विचारलं. टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. कुठल्या मोज्यांचं उत्तर द्यायचं एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. वहिनी पुढे बोलत राहिली. माझे मी घालतच नाही, चपला बऱ्या पडतात. ह्यांचे घालायला खाली बसायला लागतं, ते बसणं होतं. उठताना गुडघ्यातून कळ येते, मग पलंगाला धरते. नखं काढायच्या दिवशी जास्त, कारण तेव्हा बराच वेळ बसावं लागतं. मग काय म्हणू, खूप म्हणू की अतिशय?

पेपर खाली आला. दादाने आधी आपल्या पायांकडे बघितलं आणि मग वहिनीकडे.

“तू कधी बोलली नाहीस.”

“त्यात बोलायचं काय? जमवते मी.”

एवढं म्हणून ती दुधाखालचा गॅस बंद करायला गेली. जाताना तिने पलंगाला हात टेकला. असा कशाला ना कशाला टेकलेला तिचा हात खिडकीने हजारदा बघितला असेल, आणि जगाला प्रश्न विचारणाऱ्या तिने याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. दादा त्या दिवशी कामावर गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, आवाज कुजबुजता. हे मोजे घेऊन आत बसलेत आणि कडी लावलीय. आपटल्याचे आवाज येतायत, मला आत घेत नाहीत, तू येतेस का? खिडकी निघायच्या तयारीत होती तोवर पुन्हा फोन आला. बाहेर आले एकदाचे. एका पायात मोजा, तोही टाचेपर्यंतच, आणि डोळे लाल. कुणाशी भांडले आत, देव जाणे.

आठवडा उलटायच्या आत दादा हॉस्पिटलात आला, आपणहून. मला पुन्हा विचार, म्हणाला. खिडकीने डॉक्टरांना विचारून घेतलं. उत्तर बदलायचा हक्क त्यांचा आहे, डॉक्टर म्हणाले, फक्त तुम्ही वाचा लिहिलंय तसंच.

तिने वाचलं. जिना? खूप, म्हणून तर सोडलाय. बाथरूम? तिने धरलं तर ठीक. काम? अर्धंच उरलंय गं. एकेका उत्तराला तो थांबत होता, जणू प्रत्येक उत्तर कुठून तरी खालून वर ओढून काढावं लागत होतं. मोज्यांशी आल्यावर त्याने मान खाली घातली. नाही जमत, म्हणाला. हे शब्द तिने त्याच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. तिचे डोळे भरून आले. नियमात डोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, तरी तिने ते कागदाकडेच ठेवले आणि शेवटच्या चौकटीत खूण केली. आता बेरीज फोटोला शोभेल अशी होती. त्याचं नाव यादीत लागणार हे तिला कळलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण दादा उठेना. त्याने कागद स्वतःकडे फिरवला, वरपासून खालपर्यंत बघितला, उलटून मागची बाजूही बघितली.

“तिचं ह्यात कुठे लिहायचं?”

ह्यात नाही लिहिता येत, तिने सांगितलं. हा ज्याचा सांधा त्याचाच असतो. वहिनीचं लिहायचं तर वहिनीच्या नावाचा वेगळा कागद लागेल, आणि उत्तरं तिने स्वतः द्यायला हवीत.

“मग काढ तो,” दादा म्हणाला. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून, दात खाऊन तो उठला, खुर्ची रिकामी केली आणि बाहेर बाकावर त्याची पिशवी सांभाळत बसलेल्या वहिनीला हाक मारली.